बारा फुटांची दोरी

वाचकांचे प्रश्न

मागच्या वेळी उन्हाळ्यातल्या आगींबद्दल लिहिलं होतं आणि शेवटी विचारलं होतं, तुमच्या गल्लीत रात्री अकरा वाजता बंब शिरेल का? उत्तरादाखल जी पत्रं आली त्यांतली निम्म्याहून जास्त पार्किंगची निघाली. नागपूरच्या इतवारी, महाल, बर्डी म्हणजे सीताबर्डी, रामदासपेठ भागांतली. कुणाचं फाटक अडलंय, कुणाची म्हातारी आई अडलीये, कुणी संध्याकाळी अंधारात गाडी काढायला घाबरतंय. मी अग्निशमनात एकतीस वर्षं काढली, फायरमन म्हणून लागलो आणि स्टेशन ऑफिसर म्हणून निवृत्त झालो. माझ्यासाठी हे सगळे प्रश्न एकच आहेत: अडीअडचणीला माणूस माणसापर्यंत पोचतो की नाही. तेव्हा ह्या वेळी सगळी जागा ह्याच पत्रांना.

*

काकाजी, आम्ही इतवारीत भांडे ओळीच्या मागच्या गल्लीत राहतो. आजोबांनी बांधलेलं घर आहे. गल्लीत दोन्ही अंगांना गाड्या, मधून कशीबशी ॲक्टिव्हा निघते. मागच्या महिन्यात रात्री दीड वाजता आईच्या छातीत दुखू लागलं. १०८ ची गाडी लवकर आली, पण गल्लीच्या तोंडाशीच थांबली. शेवटी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून आम्ही दोघा भावांनी आईला बाहेर नेलं. आई आता बरी आहे. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांशी बोलायला गेलो तर म्हणाले, तुमचीही गाडी असतेच की उभी. ते खरं आहे. आता कुठून सुरुवात करायची?
— एक मुलगा, इतवारी

आई बरी आहे हे वाक्य येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. खुर्चीत बसवून नेलंत हे अगदी योग्य केलंत. छातीत दुखणाऱ्या माणसाला चालवू नये, जिना तर उतरवूच नये.

सुरुवात तुमच्या गाडीपासून करा. शेजारी चिडून बोलले असतील, पण त्यांनी वाट दाखवली आहे. तुमची गाडी गल्लीत असेपर्यंत तुमचं म्हणणं कुणी ऐकणार नाही आणि ती निघाली की कुणाला सहज नाही म्हणता येणार नाही. जुन्या वस्तीत मोठी अंगणं असलेले वाडे अजून आहेत. मालक पुण्याला नाहीतर अमेरिकेत, इथे एक म्हातारी जोडी राहते. अंगणात चार गाड्या महिन्याच्या भाड्याने ठेवायला ते तयार होतात, कारण त्यांनाही रात्री फाटकापाशी कुणी येतं-जातं असलेलं हवंच असतं. तुमच्या घरापासून पाच मिनिटांच्या अंतरावर अशी जागा मिळते का, ते दोन रविवार फिरून विचारा.

हे मी एवढ्या पोटतिडकीने का सांगतो, ते ऐका. १९९४ चा मे महिना होता, लग्नसराई. जुन्या शहरातल्या एका गल्लीत शिंप्याच्या माडीला आग लागली. आमचा बंब वेळेत निघाला, वेळेत पोचला आणि गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला. आत एका बाजूला मेटाडोर लावलेली आणि समोर विजेच्या खांबाला साखळीने बांधलेली स्कूटर. मेटाडोरचा ड्रायव्हर कुठे झोपलाय कुणाला माहीत नाही, स्कूटरची किल्ली मालकाजवळ आणि मालक वऱ्हाडात गेलेला. आग साधारण तीनशे फूट आत. आमचा एक पाइप पन्नास फुटांचा असतो, म्हणजे सहा पाइप जोडायचे. प्रत्येक जोडाला कपलिंग बसवायचं, पीळ काढायचा, अंधारात गटाराच्या कडेने ओढत न्यायचं. पाइप जितका लांब, तितका पाण्याचा जोर कमी. आणि टाकीत पाणी किती, तर साडेचार हजार लिटर. नळी पूर्ण उघडली तर ते दहा-बारा मिनिटांत संपतं. भरून आलेला दुसरा बंबही त्याच तोंडाशी अडकणार.

गल्लीतल्या पोरांनी शेवटी स्कूटर खांबासकट हलवायचा प्रयत्न केला. साखळी तुटेना. कुणीतरी लोहाराकडून छिन्नी आणली.

माणसं वाचली, कारण ती आधीच मागच्या सांदवाडीतून बाहेर पडली होती. माडी गेली. पहाटे मी वर चढलो तेव्हा शिलाईच्या तीन मशिनी काळ्या पडून उभ्या होत्या आणि कोनाड्यातली दोऱ्याची रिळं वितळून एकमेकांना चिकटली होती. लाल, हिरवी, जांभळी, सगळ्यांचा मिळून एक गोळा. शिंपी त्या गोळ्याकडे बघत होता आणि मला एकच विचारत होता, साहेब, लोकांच्या ब्लाऊजपिसांचं मी काय सांगू? गल्लीतलं कुणीही वाईट नव्हतं. मेटाडोरवाला नव्हता आणि स्कूटरवालाही नव्हता. आपल्या गाडीमुळे कुणाचं घर जाईल हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं, एवढंच.

त्यानंतर मी एक दोरी ठेवायला लागलो. बारा फुटांची, दोन्ही टोकांना गाठ. बंबाची रुंदी साधारण आठ फूट, आरशांसकट नऊ धरा. बाजूने माणूस उतरला पाहिजे, खणाचं झाकण उघडलं पाहिजे, पाइप खाली आला पाहिजे. म्हणून बारा. ॲम्ब्युलन्सला त्याहून कमी चालतं, पण स्ट्रेचर बाहेर काढायला दार सताड उघडावं लागतं हे विसरू नका.

तुम्ही एका शनिवारी रात्री अकरा वाजता, गाड्या सगळ्या घरी परतल्यावर, दोन्ही भाऊ ही दोरी आडवी धरून गल्लीभर चाला. जिथे दोरी ताणली जात नाही, तिथे जमिनीवर खडूने रेघ मारा आणि काय आडवं आलं ते वहीत लिहा. नुसत्या गाड्या निघणार नाहीत. पुढे सरकवलेली पायरी, जनरेटर, दुकानाचा लोखंडी जिना, कूलरचं स्टँड, मागच्या गणपतीत रोवलेला आणि न काढलेला बांबू, सगळं निघेल. कुणाचं नाव लिहू नका, फक्त वस्तू लिहा. सकाळी लोक विचारतातच, ह्या रेघा कसल्या? मग सांगा. मी हे तीन गल्ल्यांत करून पाहिलंय. भांडायला येणारा माणूसही रेघेपाशी उभा राहून आधी पावलं मोजतो.

मग बैठक घ्या, आणि त्या बैठकीत तुमच्या आईला बसवा. तिने काही बोलायची गरज नाही.

बैठकीत एवढं ठरलं तरी पुष्कळ झालं. गाड्या एकाच बाजूला लागतील. सम तारखेला ह्या बाजूला, विषमला त्या, म्हणजे रोज त्याच घराचं दार अडणार नाही. गल्लीच्या दोन्ही तोंडांशी पन्नास फूट काहीच उभं राहणार नाही, कारण बंबाला वळायला लागणारी जागा तीच. प्रत्येक गाडीच्या काचेत आतून मालकाचा फोन नंबर. आणि जो गाडी लावून परगावी जाईल, त्याने किल्ली एका ठरलेल्या घरी ठेवायची. १९९४ ला ती एक किल्ली असती तर ती माडी वाचली असती, असं मला आजही वाटतं.

आणखी एक. १०१ ला किंवा १०८ ला फोन कराल तेव्हा नुसता पत्ता सांगू नका, कुठल्या तोंडाने यायचं ते सांगा. तुमच्या गल्लीला दोन तोंडं आहेत असं तुम्ही लिहिलंय. कुठलं मोकळं असतं हे ड्रायव्हरला ठाऊक नसतं, तुम्हाला असतं. एकाने फोनवर राहायचं, एकाने पळत जाऊन त्या तोंडाशी मोबाइलचा टॉर्च हलवत उभं राहायचं.

कायदा मुद्दाम शेवटी सांगतो. दुसऱ्याच्या प्रवेशद्वारासमोर, फूटपाथवर आणि उभ्या गाडीला लागून दुसरी गाडी लावायला २०१७ च्या वाहनचालनाच्या नियमांत मनाई आहे. दंड पहिल्यांदा ५०० रुपये आणि पुन्हा सापडल्यास १,५००. सार्वजनिक रस्त्यात अडथळा केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खाली ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ॲम्ब्युलन्सला वाट न दिल्यास दहा हजार रुपये दंड, असं लोक सांगतात. ते खरं आहे, पण ते कलम गाडी चालवत असलेल्या माणसासाठी आहे, लावून निघून गेलेल्यासाठी नाही. वाहतूक पोलिसांकडे अर्ज करायचा तर तुमची वही आणि रेघांचे फोटो जोडा. नुसतं "फार त्रास होतो" लिहिलेल्या अर्जापेक्षा "तेवीस जागी बारा फूट मिळत नाहीत" हे लिहिलेला अर्ज साहेब शेवटपर्यंत वाचतात.

आणि तुमच्या गल्लीला हे जमणार नाही असं कुणी म्हणालं, तर त्याला मारबतीच्या मिरवणुकीची आठवण द्या. तान्ह्या पोळ्याला काळी आणि पिवळी मारबत निघते तेव्हा तुमच्याच भागातल्या रस्त्यांवर एक सायकल उभी दिसत नाही. एवढी उंच मूर्ती, मागे बडग्यांचे पुतळे, हजारो माणसं, आणि ते सगळं पार पडतं. "इडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणत वर्षातून एक दिवस आपण ते रस्ते मोकळे करतो. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ करतोय.

*

काका, मी बर्डीच्या एका मोठ्या कापडाच्या शोरूममध्ये काम करते. आम्ही तीसेक जण आहोत. सुटायला साडेनऊ होतात, सणात दहा-सव्वादहा. मेन रोडवर गाडी लावू देत नाहीत, म्हणून मागच्या गल्लीत लावते. रात्री तिथे सगळे शटर बंद, दिवा एक, तोही मिचमिच करणारा. दोन माणसं रोज कुणाच्या तरी उभ्या गाडीवर बसलेली असतात. आधी नुसतं बघायची, आता बोलतात. मागच्या आठवड्यात एकाने माझ्या स्कूटीवर हात ठेवून ठेवला. घरी सांगितलं तर नोकरी सोड म्हणतील.
— एक मुलगी, हिंगणा रोड

बेटा, आधी हे ऐक. तू गाडी तिथे लावलीस ही तुझी चूक नाही. त्यांनी केलं तो गुन्हा आहे. अश्लील बोलणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५ मध्ये येतं, पाठलाग ७८ मध्ये, शब्दांनी किंवा हावभावांनी स्त्रीचा अपमान करणं ७९ मध्ये. आज रात्री ती माणसं दिसली तर गाडीपर्यंत जाऊच नकोस. मागे फिर, जिथे माणसं असतील तिथे उभी राहा आणि ११२ ला फोन कर. "मी अमुक दुकानामागच्या गल्लीच्या तोंडाशी उभी आहे, दोन माणसं आहेत" एवढं सांग. आधी काही घडायची वाट पाहायची नसते. हात स्कूटीवर ठेवला, तेव्हाच घडलेलं आहे.

दुसरं तुझ्या मालकाबद्दल. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा आहे. त्यात स्त्रियांना रात्री साडेनऊनंतर कामावर ठेवायचं असेल, तर त्यांची संमती लागते आणि त्यांच्या सुरक्षिततेची व घराच्या दारापर्यंत पोचवण्याची व्यवस्था मालकाला करावी लागते. तुमच्यासारख्या तीस जणांच्या शोरूमला तो लागू आहे. सणात सव्वादहापर्यंत थांबवून घेतात आणि गाडी देत नाहीत, हे चालणार नाही. एकटी जाऊन बोलू नकोस. तुझ्यासारख्या पाच-सहा जणी असतीलच. सगळ्या मिळून दुपारच्या निवांत वेळी जा, लेखी दे आणि त्याची एक प्रत स्वतःकडे ठेव. बहुतेक मालकांना हे माहीतच नसतं आणि सांगितल्यावर ते ऐकतात, असा माझा अनुभव आहे.

तिसरं, तू हिंगणा रोडला राहतेस. लोकमान्य नगरची मेट्रो तुझ्याच रस्त्याने जाते. स्कूटी घराजवळच्या स्टेशनवर लाव आणि बर्डीपर्यंत मेट्रोने ये. सीताबर्डी स्टेशनात रात्रीही उजेड असतो, गार्ड असतात. शेवटची गाडी किती वाजताची ते स्टेशनवर विचारून घे आणि सुटायची वेळ त्याआधीची मागून घे. हे कायमचं उत्तर नाही, मला कळतं. गल्लीतला दिवा लागलाच पाहिजे आणि ती माणसं तिथून हललीच पाहिजेत. दिव्यासाठी महापालिकेच्या झोन ऑफिसला तक्रार करताना खांबावरचा नंबर लिही. नंबर नसेल तर समोरच्या दुकानाचं नाव लिही आणि रात्रीचा फोटो जोड.

आणि घरी सांग. आईला आधी सांग. नोकरी सोडायला लावतील ह्या भीतीने तू हे एकटी सोसते आहेस, आणि जी मुलगी एकटी आहे असं त्यांना दिसतं तिच्याच मागे असली माणसं लागतात.

*

आमचं मोदी नंबर दोन ह्या गल्लीच्या तोंडाशी इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. गिऱ्हाईक गाडी लावतं न लावतं तोच टोइंगवाले येतात. फूटपाथ फेरीवाल्यांनी व्यापलेला. गिऱ्हाईक आता मॉलमध्ये जातं. आम्ही मेलो तर बर्डीही मरेल. तुम्ही नेहमी रहिवाशांची बाजू घेता, एकदा आमची घ्या.
— एक दुकानदार, सीताबर्डी

घेतो. बर्डी मेली तर माझंही बालपण मरेल. पहिला ट्रान्झिस्टर मी त्याच मोदी गल्ल्यांतून घेतला, वडिलांनी तीन दुकानं फिरून घासाघीस केली होती.

पण आधी एक हिशोब करा. मी मागच्या आठवड्यात तुमच्या भागात मुद्दाम गेलो होतो. सकाळी दुकानं उघडायच्या वेळी गेलो आणि संध्याकाळी पुन्हा गेलो. सकाळी ज्या जागांवर गाड्या उभ्या होत्या, त्यांतल्या पुष्कळ जागी संध्याकाळी त्याच गाड्या होत्या. गिऱ्हाईक दहा तास दुकानात थांबत नाही, दादा. त्या गाड्या दुकानांच्याच आहेत, मालकांच्या आणि नोकरांच्या. गिऱ्हाईक सरासरी चाळीस मिनिटं थांबतं असं धरलं, तर दहा तासांत एका जागेवर पंधरा गिऱ्हाइकं येऊन जातात. तुमची स्वतःची गाडी तिथे असली तर एकही येत नाही. तुमच्या ओळीतल्या वीस दुकानदारांनी मिळून ठरवलं की आपली आणि नोकरांची वाहनं दारात लावायची नाहीत, लांब लावून चालत यायचं किंवा मेट्रोने यायचं, तर कुणाला निवेदन न देता तुमच्या दारात तीनशे गिऱ्हाइकांची सोय होईल.

टोइंगबद्दल तुमचा हक्क सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे मनाई असलेल्या जागी लावलेली गाडी उचलता येते, पण ती उचलायचा हुकूम गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याने द्यायचा असतो. टोइंगच्या गाडीवर फक्त पोरं असतील आणि पोलीस नसेल, तर गिऱ्हाइकाला विचारायला सांगा आणि फोटो काढायला सांगा. पोलीस असेल आणि पाटी "नो पार्किंग"ची असेल, तर पावती घ्यायची आणि गप्प पैसे भरायचे. पैसे भरावेच लागतात, टोइंगचा खर्चही मालकाचाच.

फेरीवाल्यांवर मला तुमच्याशी सहमत होता येत नाही. २०१४ चा फेरीवाल्यांचा कायदा त्यांना जागा ठरवून द्यायला सांगतो. त्यासाठी नगर पथविक्रेता समिती असते आणि तिच्यातले निदान ४० टक्के सदस्य फेरीवालेच असावे लागतात. चालायला फूटपाथ सुटला पाहिजे हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. ते समितीपुढे मांडा. पण रात्री शटर पडल्यावर एखाद्या गल्लीत जो उजेड उरतो तो फुटाणेवाल्याच्या गाडीवरच्या बल्बचा असतो. वरच्या पत्रातली मुलगी त्या उजेडात उभी राहू शकते. तुमच्या शटरवर बाहेरून एक दिवा रात्री अकरापर्यंत सुरू ठेवाल का? महिन्याचं बिल चहापाण्याएवढंही येणार नाही. एवढं माझ्यासाठी करा.

*

रामदासपेठेत आमच्या इमारतीच्या तळघरात मंजूर नकाशाप्रमाणे पार्किंग आहे म्हणतात, पण तिथे एका दुकानाचं गोदाम आहे, खोकी छतापर्यंत. गाड्या बाहेर रस्त्यावर. बिल्डरने "पार्किंग विकलं" असं सांगितलं.
— सोसायटीचे एक सदस्य

माझ्यासाठी हे पत्र सगळ्यांत गंभीर आहे. तळघरातला पुठ्ठा पेटला की धूर जिन्यानेच वर येतो आणि लोक धुराने मरतात, ज्वाळांनी नंतर. वाट पाहू नका. माहितीच्या अधिकारात, दहा रुपयांच्या अर्जावर, मंजूर नकाशाची प्रत मागा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नकाशात पार्किंग असेल तर गोदाम हा वापरातला बेकायदा बदल आहे आणि १९६६ च्या नगररचना कायद्याखाली नोटीस निघू शकते. मोकळी किंवा स्टिल्टखालची, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधली, पार्किंगची जागा बिल्डरला वेगळी विकता येत नाही हे सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच स्पष्ट केलंय; तेव्हा त्याने नेमकं काय विकलं, त्याचे कागद वकिलाला दाखवा. अग्निसुरक्षेच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. तुमच्या इमारतीचं शेवटचं कधीचं आहे ते सचिवांना विचारा. आणि आजच्या आज, अर्ज लिहायच्या आधी, जिन्यापाशी असतील ती खोकी तरी हलवा.

*

कूलरचं स्टँड गल्लीत येतं म्हणून शेजारी रोज बोलतात. नागपूरच्या उन्हात कूलर नाही लावायचा तर काय करायचं?
— एक गृहिणी, महाल

लावायचा, ताई. मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर गेल्यावर घरात म्हातारी माणसं असतात, मुलं असतात. पण रस्त्याकडच्या खिडकीऐवजी सांदवाडीकडच्या खिडकीत बसतो का पाहा. हवाही तिकडची जरा गार असते. नाहीच जमलं तर खाली पाय टेकणारं स्टँड काढून भिंतीत ब्रॅकेट ठोकून, माणसाच्या आणि गाड्यांच्या डोक्यावरून जाईल इतका वर बसवा. पाणी भरताना बटण बंद करून भागत नाही, प्लग काढायचा. ओल्या टपाला हात लागून शॉक बसल्याच्या घटना मी इतक्या पाहिल्यात की आजही कूलरशी खेळणारं पोर दिसलं तर मी ओरडतो. अर्थिंग तपासून घ्या, आणि मीटरपाशी ३० मिलिअँपचा आरसीसीबी, म्हणजे शॉक बसू लागताच वीज तोडणारा स्विच, बसवायला इलेक्ट्रिशियनला सांगा.

*

भाऊ, आमच्या गल्लीत एक जुनी फियाट उभी आहे, ताडपत्रीखाली. ती आमचीच. यांना जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून ती हलली नाही. मुलं बंगलोरला. परवा गल्लीतल्या पोरांनी खडूने रेघ मारली, ती नेमकी गाडीपाशी. कुणी वाकडं बोललं नाही, पण मला सगळं कळलं. सकाळी दार उघडलं की ती दिसते, बरं वाटतं. काढावीच लागेल का?
— एक बाई, महाल

काकू, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. आधी वाटलं, ती रेघ आपल्या लिहिण्यामुळेच पडली असेल का. मागच्या अंकानंतर दोरीची गोष्ट मी एका बैठकीत सांगितली होती, महालातच.

काढावी लागेल. कायद्याचं म्हणाल तर सार्वजनिक जागी दहा तासांहून जास्त बेवारस उभी असलेली गाडी उचलता येते. पण तुमच्या दाराशी कुणी पोलीस घेऊन येणार नाही आणि यावाही लागू नये. ती गाडी अडवते ती जागा वळणाची आहे. तुमच्या पुढे सात घरं आहेत, त्यांत दोन बिऱ्हाडांत लहान मुलं आहेत हे तुम्हीच लिहिलंय. तुमच्या यजमानांना विचारता आलं असतं, तर त्यांनी स्वतः धक्का मारून ती बाजूला केली असती, असं तुमच्या पत्रावरूनच मला वाटतं. दिवाळीला ते गल्लीतल्या सगळ्या पोरांना त्यातून फुटाळ्याला फिरवून आणायचे, हे तुम्ही मागच्या पानावर लिहिलंय.

करायचं असं. गाडीचं आरसी बुक शोधा, ते बहुतेक कपाटात विम्याच्या कागदांसोबत असेल. नाव यजमानांचं असणार, म्हणून मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद घेऊन मुलाला एकदा आरटीओत जायला सांगा. भंगारात द्यायची तर रस्त्यावरच्या कबाडीला देऊ नका. २०२१ च्या नियमांप्रमाणे नोंदणी झालेली स्क्रॅपिंग केंद्रं आहेत. तिथे दिली की प्रमाणपत्र मिळतं आणि नोंदणी रद्द करून घेता येते. नाहीतर उद्या त्या नंबरावर काही झालं तर पत्ता तुमचा निघेल. जुन्या फियाट जपणारे शौकीनही शहरात आहेत. इंजिन जाम नसेल तर कुणी नीट करून चालवायलाही नेईल. मुलाला ते आधी विचारून पाहायला सांगा, मला तेच जास्त आवडेल.

देण्याआधी आतलं सामान काढून घ्या. डॅशबोर्डच्या खणात काय काय असेल ते घाईने पाहू नका, एक दुपार द्या. स्टेअरिंगवरचा हॉर्नचा गोल सुटतो. तो ठेवायचा असेल तर माणसं यायच्या आधी काढून घ्यावा लागेल.

सहा वर्षांत चारही चाकं बसली असणार आणि ब्रेक धरला असेल. ती ढकलली जाणार नाही, उचलून ट्रॉलीवर घ्यावी लागेल. त्याला सहा-सात माणसं लागतात. दिवस ठरला की मासिकाच्या पत्त्यावर कळवा. आमच्या जुन्या स्टेशनवरची चार पोरं आणि मी, आम्ही येतो. सकाळी लवकर यायला सांगा, ऊन चढायच्या आत.